डोक्यात पाणी झालेले बाळ : शाप नव्हे, आजार
युगांडातील एका मिशनरी रुग्णालयाने काय दाखवून दिले?

तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने भराभर वाढू लागले की घरात आणि शेजारी कुजबुज सुरू होते, आणि तिचा रोख बहुतेक वेळा आईवर असतो. ग्रहण पाळले नाही, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे भोग आहेत. बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी अंगारा, गंडा-दोरा सुरू होतो. असे आठवडे जातात, आणि या आजारात आठवड्यांनाच किंमत आहे.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. पूर्व आफ्रिकेतील युगांडा या गरीब, शेतीवर जगणाऱ्या देशातही अशा बाळाला शाप लागला, कुणी करणी केली, असे समजले जाते. तिथेही बोल आईलाच लागतो. त्याच देशातील म्बाले या गावात एका ख्रिस्ती संस्थेने मुलांचे रुग्णालय काढले. तेथील डॉक्टरांनी या आजाराबद्दल जे शोधून काढले, त्याची दखल जगभरच्या मेंदूच्या सर्जनांनी घेतली. त्यातले बरेचसे आपल्या वस्तीतील प्रत्येक आई-बापाला उपयोगी पडणारे आहे.

डोक्यात पाणी होते म्हणजे काय होते?

आपल्या सर्वांच्या मेंदूत पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव असतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये तो सतत तयार होतो, मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. जेवढा तयार होतो तेवढाच शोषला जात असल्यामुळे तोल राहतो.

न्हाणीघराचे उदाहरण घेऊ. नळ चालू आहे आणि मोरीही मोकळी आहे, तर पाणी साचत नाही. मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला, तर न्हाणीघर भरते. मेंदूतील द्रवाची वाट बंद झाली किंवा तो शोषला जाईनासा झाला, की पोकळ्या फुगतात आणि मेंदू दाबला जातो. लहान बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, म्हणून डोके बाहेरून वाढताना दिसते. डॉक्टर याला हायड्रोसेफॅलस म्हणतात.

ही वाट अनेक कारणांनी बंद होते. काही बाळांमध्ये जन्मतःच रचनेत दोष असतो. काहींच्या पाठीचा कणा नीट मिटलेला नसतो आणि पाठीवर पिशवीसारखी गाठ दिसते; याला स्पायना बायफिडा म्हणतात आणि अशा अनेक बाळांच्या डोक्यातही पाणी होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही हे होते. आणखी एक मोठे कारण म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग. या कारणांच्या यादीत आईचे पाप, ग्रहण किंवा नजर कुठेच बसत नाही.

म्बालेचे रुग्णालय

युगांडा १९६२ साली इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. तेथील आधुनिक वैद्यकीय सेवेची सुरुवात बरीचशी मिशनऱ्यांनी केली. कंपाला शहरातील मेंगो रुग्णालय १८९७ साली अल्बर्ट कुक या मिशनरी डॉक्टरांनी सुरू केले. आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे इस्पितळ उभारले तोच हा काळ.

म्बाले हे गाव पूर्व युगांडात, एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी आहे. अमेरिकेतील क्युअर इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था १९९६ साली स्थापन झाली. गरीब देशांतील अपंग मुलांवर शस्त्रक्रिया करणे हे तिचे मुख्य काम आहे. वाकडी पावले, जळाल्याने आखडलेले हात-पाय, फाटलेले ओठ अशा मुलांसाठी तिने अनेक देशांत रुग्णालये काढली. म्बालेचे रुग्णालय मात्र मेंदू आणि कण्याच्या शस्त्रक्रियांसाठी उभे राहिले. डॉ. बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक २००० साली बायको-मुलांसह तेथे राहायला गेले आणि पुढच्या वर्षी रुग्णालय सुरू झाले.

डोके फुगलेली बाळे तिथे इतक्या मोठ्या संख्येने येऊ लागली की वॉर्फ यांना दोन प्रश्न पडले. इतक्या बाळांना हा आजार होतो तरी कशाने? आणि श्रीमंत देशात याच्यावर जो उपाय करतात, तो या देशात चालेल का?

पहिला शोध : कारण जंतुसंसर्गाचे

त्यांनी तीनशे मुलांची नीट नोंद ठेवली. शंभरातील साधारण ६० मुलांमध्ये आजाराचे कारण जंतुसंसर्ग निघाले. त्यातील बहुतेकांना जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच ताप किंवा झटके येऊन गेले होते. म्हणजे ही बाळे जन्मतः धडधाकट होती. नवजात काळात जंतू मेंदूपर्यंत गेले, बाळ त्यातून कसेबसे वाचले, आणि नंतरच्या काही आठवड्यांत डोके वाढू लागले. घरच्यांना वाटले शाप लागला. खरे तर त्या तापावर वेळेत उपचार झाले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

नेमका जंतू कोणता, हा शोध पुढे अनेक वर्षे चालला. युगांडा आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासात हा आजार आणि पावसाचे प्रमाण यांचा संबंध आढळला. २०२० साली शंभर बाळांच्या मेंदूतील द्रवाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात पेनीबॅसिलस नावाचा, पूर्वी कुणाचे फारसे लक्ष न गेलेला जिवाणू संसर्ग झालेल्या बाळांमध्ये सापडला. ज्याला करणी म्हणत होते, तो सूक्ष्मदर्शकाखाली आला.

दुसरा शोध : गरिबाला परवडेल आणि टिकेल असा उपाय

या आजारावर नेहमीचा उपाय म्हणजे शंट. शंट ही एक बारीक नळी असते. तिचे एक टोक मेंदूच्या पोकळीत आणि दुसरे पोटात सोडतात. कातडीखालून गेलेल्या या नळीतून जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि तिथे शोषले जाते. न्हाणीघराच्या भाषेत, मोरी तुंबली म्हणून पाइप लावून पाणी बाहेर काढले.

पहिली अडचण किमतीची होती. अमेरिकेत वापरला जाणारा एक शंट त्या वेळी सुमारे ६५० डॉलरला पडत होता. भारतात तयार होणारा छाब्रा शंट सुमारे ३५ डॉलरला मिळत होता. वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये दोन्ही शंट वापरून पाहिले. वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामात महत्त्वाचा फरक दिसला नाही. आपल्या देशात बनलेल्या स्वस्त नळीने तेच काम केले.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. शंट कधीही तुंबू शकतो, त्यात जंतू शिरू शकतात. शहरात राहणारे पालक तासाभरात रुग्णालय गाठतील. पण खेड्यातली आई कच्च्या रस्त्याने, उसने भाडे घेऊन, दोन दिवसांनी पोहोचेल, तोवर मूल दगावेल. म्हणून वॉर्फ यांनी वेगळी वाट धरली. बारीक दुर्बीण मेंदूच्या पोकळीत घालून त्यांनी द्रवाला जायला आतूनच नवे छिद्र पाडले, म्हणजे मोरीला दुसरी वाट काढून दिली. शिवाय द्रव तयार करणाऱ्या भागापैकी काही भाग जाळून टाकला, म्हणजे नळही थोडा बारीक केला. आत कोणतीही नळी ठेवायची गरज उरली नाही.

एक वर्षाखालील बाळांमध्ये नुसते छिद्र पाडल्याने शंभरातील सुमारे ४७ जणांना फायदा झाला; दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तेव्हा तो आकडा सुमारे ६६ झाला. पुढे म्बालेतच संसर्गाने पाणी झालेल्या शंभर बाळांवर शंट आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना झाली. २०१७ साली तिचा निष्कर्ष आला : वर्षभरानंतर दोन्ही गटांतील मुलांच्या बौद्धिक वाढीत महत्त्वाचा फरक नव्हता. वॉर्फ यांना २०१२ साली अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याआधीच, २००६ साली, ते मायदेशी परतले होते आणि रुग्णालयाची वैद्यकीय धुरा डॉ. जॉन मुगाम्बा या युगांडाच्याच सर्जनकडे आली होती. इतर देशांचे सर्जनही ही शस्त्रक्रिया शिकायला म्बालेला जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शस्त्रक्रियेने मेंदूवरचा दाब कमी होतो, पण संसर्गाने किंवा दाबाने आधीच झालेली इजा भरून येत नाही. म्हणून काही मुले शाळेत जातात, खेळतात. काहींना आयुष्यभर आधार लागतो. उशीर जितका कमी, तितके मूल जास्त वाचते. आणि आपल्याकडे डॉक्टरांनी शंट सुचवला तर घाबरून नकार देऊ नका. कोणत्या बाळाला कोणता उपाय योग्य, हे तपासणी करणारे सर्जन ठरवतात.

ऑपरेशननंतर कोण जगले?

म्बालेच्या अनुभवातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावर घडलेली नाही. स्पायना बायफिडा असलेली जी मुले शस्त्रक्रिया होऊन घरी गेली, त्यांचे पुढे काय झाले याचा मागोवा डॉक्टरांनी घेतला. कितीतरी मुले नंतर घरीच दगावली होती. पण सगळ्या जिल्ह्यांत सारखे चित्र नव्हते. काही जिल्ह्यांत घरोघरी जाणारे पुनर्वसनाचे काम चालू होते. प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात, आईला मुलाची लघवी कशी काढायची, जखमा कशा टाळायच्या, व्यायाम कसा द्यायचा हे शिकवत, धोक्याचे लक्षण दिसले की रुग्णालयात पाठवत. त्या जिल्ह्यांत मुलांचे मृत्यू कितीतरी कमी होते.

रुग्णालय तेच होते आणि आजारही तोच. फरक पडला तो वस्तीमुळे, कारण कुणीतरी दार ठोठावून बाळ कसे आहे ते विचारत होते.

विनयपिटकातील एक प्रसंग आपण विहारात ऐकला असेल. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की तुमची शुश्रूषा करायला इथे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? उपयोगी पडत नाही म्हणून टाकून दिलेल्या माणसाची सेवा हा धम्माचा भाग आहे. अपंग मुलाच्या बाबतीत हा प्रसंग आपल्याला थेट लागू पडतो.

प्रार्थना, दान आणि हक्क

म्बालेचे रुग्णालय आपला धर्म लपवत नाही. तिथे पाद्री आहेत, प्रार्थना होते, येशूचा संदेश सांगणे हे संस्थेने आपले उद्दिष्ट म्हणून जाहीर केले आहे. उपचार करताना धर्म पाहत नाही, असेही ती सांगते. हा शाप नव्हे, तुमचा दोष नाही, असे तेथील माणसे आई-बापांना समजावतात आणि हे मोठे काम आहे. तरीही ज्या आईचे मूल समोरच्याच्या हातात आहे, तिला प्रार्थनेला नको म्हणणे सोपे नसते. मदत करणारा कितीही भला असला तरी घेणाऱ्याची मान थोडी खालीच राहते. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर जगायला लावलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. शिवाय देणगी देणाऱ्याचे मन किंवा खिसा बदलला, तर उपचारही थांबू शकतो.

म्हणून दानासोबत हक्क लागतो. युगांडाच्या लोकांनी त्या दिशेनेही पावले टाकली आहेत. १९९५ च्या राज्यघटनेनंतर तेथील संसदेत अपंग व्यक्तींच्या प्रतिनिधींसाठी पाच जागा राखीव आहेत. २००१ साली सरकारी दवाखान्यांतील रुग्णशुल्क रद्द झाले. आपल्यालाही राखीव जागांचे मोल ठाऊक आहे. ज्याचे दुखणे आहे तोच सभागृहात बसला, तर त्याचा प्रश्न दयेचा न राहता कायद्याचा होतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आहे. माणसाची आजची स्थिती मागच्या जन्मीच्या कर्माने ठरते असे मानले, तर गरिबांच्या आणि पददलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर राहतच नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अपंग बाळाच्या आईला 'तुझ्या कर्माचे फळ' असे म्हणणारा माणूस नेमके हेच करतो. तो नर्सताईला, दवाखान्याला, सरकारला आणि स्वतःलाही मोकळे करून टाकतो. बौद्ध घरात हे वाक्य उच्चारले जाऊ नये.

आपल्या घरात आणि वस्तीत काय करायचे?

*बाळ राहण्याआधी :* पाठीचा कणा गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटतो. तेव्हा अनेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरले की गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी आणि पहिले तीन महिने घ्यावी. आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर जास्त मात्रा लागते. ती डॉक्टरच ठरवतील. पालेभाज्या, डाळी, उसळी खाव्यात, पण त्यांवर विसंबून गोळी टाळू नये.

*जन्मानंतरचे पहिले ४२ दिवस :* बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. नाळ कोरडी ठेवा. तिला शेण, राख, हळद, तेल काहीही लावू नका. बाळाला आईचेच दूध द्या, घुटी देऊ नका. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, बाळ सुस्त झाले, धाप लागली, झटके आले किंवा नाळेतून पू आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी सरकारी दवाखाना गाठा. १०८ किंवा १०२ क्रमांकावर गाडी बोलवा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. आशाताई या काळात घरी येतात तेव्हा बाळ झोपले आहे म्हणून त्यांना परत पाठवू नका.

*पहिले वर्ष :* डोक्याचा घेर मोजून घ्या. जन्मताना तो साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने दर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने सुमारे १ आणि त्यानंतर अर्धा सेंटिमीटर वाढतो. याहून झपाट्याने वाढत असेल, टाळू फुगलेली व ताणलेली वाटत असेल, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसत असतील, बुबुळे खाली ओढली जाऊन वरचा पांढरा भाग दिसत असेल, बाळ वारंवार ओकत असेल किंवा सारखे किरकिरत असेल, तर लगेच दाखवा. पाठीवर गाठ किंवा पिशवी असेल तर जन्मल्या दिवशीच दाखवा.

*कुठे जायचे :* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवा. जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी केंद्रात तपासणी आणि व्यायामोपचार मिळतात. शस्त्रक्रिया लागणार असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती होईल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. खासगी दवाखान्यासाठी सावकाराचे कर्ज काढण्यापूर्वी हे जरूर करा.

*शंट बसवला असेल तर :* ताप, उलट्या, गुंगी, झटके, टाळू पुन्हा फुगणे, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शस्त्रक्रियेचे कागद एका पिशवीत, हाताशी येईल असे ठेवा.

*अपंगत्व राहिले तर :* युडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने 'याला सांभाळायला जमणार नाही' म्हटले, तर नकार लेखी मागा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

ही कामे एकट्या आईकडून होणार नाहीत. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने दोन उपासिका नेमाव्यात. वस्तीतील नवी बाळंतीण कोण, तिच्या बाळाचे डोके मोजले का, कुणाला दवाखान्यात सोबत हवी आहे का, याची नोंद एका वहीत ठेवावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे त्या वहीसाठी द्यावीत. युगांडातील ज्या जिल्ह्यांत अशी विचारपूस करणारी माणसे होती, तिथली मुले जास्त जगली. यासाठी परदेशी देणगी लागत नाही. शिवणकामाची एक टेप, एक वही आणि दार ठोठावणारी दोन माणसे पुरतात.

जय भीम! नमो बुद्धाय!